समुद्रतळाचा गाळ आणि त्यातला सेंद्रिय कार्बन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळावर काम करणाऱ्यांना विद्यार्थी, शिक्षक, पत्रकार, मासेमारीतली माणसं आणि घरी आलेले पाहुणेही साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरांतली उदाहरणं शक्यतो आपल्या दोन्ही किनाऱ्यांची घेतली आहेत. महाराष्ट्राची माती दोन्हीकडे जाते: कोकणातल्या नद्यांमधून पश्चिमेला, गोदावरी-कृष्णेतून पूर्वेला.

समुद्राच्या तळाशी नेमकं काय असतं? वाळू की चिखल?

जागा बदलली की तळ बदलतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापासून पुढे निघालात तर साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत नद्यांनी आणलेला मऊ चिखल लागतो. त्यापुढे, बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, पण पुन्हा वाळू लागते. शंखशिंपल्यांचे तुकडे, चुनखडीचे कण, जुन्या शैवालांचे अवशेष अशी ही भरड वाळू आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. पुढे पाणी चढत गेलं तेव्हाच्या उथळ समुद्रातली आणि किनाऱ्यांवरची ही वाळू तशीच राहून गेली. त्या पट्ट्याच्या पलीकडे खंडाचा उतार सुरू होतो आणि पुन्हा चिखल, हिरवट-काळसर आणि कार्बनने भरलेला.

मुंबईसमोर हा उथळ मंच, म्हणजे किनारा आणि उतार यांमधला तळ, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, गोव्यासमोर १००च्या आसपास आणि दक्षिणेकडे आणखी अरुंद. त्यामुळे गोव्याहून निघालेलं जहाज उतारावर लवकर पोचतं, मुंबईहून निघालेल्याला बराच वेळ लागतो.

सेंद्रिय कार्बन म्हणजे कोणता? शिंपल्यातही कार्बन असतोच ना?

असतो, पण तो वेगळा. शिंपले, प्रवाळ आणि फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म एकपेशीय जीवांची कवचं कॅल्शियम कार्बोनेटची असतात. हा असेंद्रिय कार्बन. सेंद्रिय कार्बन म्हणजे जिवंत शरीरातून आलेला: शैवालांच्या पेशी, प्राण्यांची विष्ठा, पानांवरचा मेणाचा थर, लाकडाचे कण, मातीतला ह्यूमस. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून प्रकाशसंश्लेषणाने बनलेला हा कार्बन गाळात गाडला गेला की तेवढा कार्बन हवेत परतत नाही. म्हणून हवामानाच्या हिशोबात त्याला वेगळं मोजावं लागतं.

वरून जेवढं पडतं त्यातलं किती खाली उरतं?

फारच थोडं. जगभरातले समुद्री वनस्पतिप्लवक वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कार्बन बांधतात. त्यातला बहुतेक वरच्या शंभर-दोनशे मीटरमध्येच खाल्ला जातो आणि खोल तळापर्यंत जेमतेम एखादा टक्का पोचतो. तिथेही किडे, समुद्रकाकड्या आणि जिवाणू बसलेलेच असतात. अखेर कायमचा गाडला जातो तो वर्षाला साधारण ०.१६ अब्ज टन, म्हणजे मूळ उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यातलाही बहुतेक वाटा खोल महासागरात पडत नाही, तो त्रिभुज प्रदेशांत आणि खंडांच्या कडेलगत गाडला जातो.

या गळतीचा वेग ऋतूप्रमाणे बदलतो, हे अरबी समुद्रातच फार सुंदर दिसलं. १९८६मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, हॅम्बुर्ग विद्यापीठाबरोबर इथे गाळ-सापळे लावले. सापळा म्हणजे दोरावर टांगलेलं मोठं नरसाळं. खालच्या बाटल्या ठरलेल्या दिवशी आपोआप फिरतात आणि वरून पडणारे कण गोळा होतात. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की बाटल्या भरू लागतात, मधल्या महिन्यांत जवळजवळ रिकाम्या राहतात आणि हिवाळ्यात पुन्हा थोडी भर पडते. पावसाळ्याची नोंद तीन किलोमीटर खोल पाण्यातही होते, हे १९८९मध्ये 'नेचर'मधल्या निबंधाने जगापुढे आलं.

मग उरतं ते का उरतं? जिवाणूंनी सगळंच का संपवलं नाही?

या एका प्रश्नावर आयुष्य घालवलेले लोक आहेत, आणि अजूनही एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

जिवाणू सेंद्रिय पदार्थ जाळायला आधी ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं, मग समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट. तेही संपलं की मिथेन बनू लागतो. पायरी खाली जाईल तशी ऊर्जा कमी मिळते आणि काम मंदावतं. सल्फेटच्या पायरीवर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. उतारावरचा गाळ डेकवर आला की सडक्या अंड्यांचा जो वास सुटतो तो याचाच. तोच वायू लोहाशी जोडला जाऊन पायराइट बनतं आणि गाळ काळा दिसतो.

दुसरं कारण खनिजं. सेंद्रिय रेणू चिकणमातीच्या कणांना आणि लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून बसतात, तिथे जिवाणूंच्या विकरांचा हात पोचत नाही. २०१२मध्ये जगभरातल्या गाळांच्या तपासणीतून असं दिसलं की सेंद्रिय कार्बनचा सुमारे पाचवा हिस्सा थेट लोहाला बांधलेला असतो. कण जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा आणि कार्बन धरून ठेवण्याची ताकद जास्त. म्हणून वाळूत कार्बन कमी, चिखलात जास्त. गाळाच्या कणांचा आकार न मोजता केवळ कार्बनचे आकडे देणाऱ्या अहवालातून मला तरी फारसं काही कळत नाही.

अरबी समुद्राचं एवढं कौतुक का?

कारण त्याच्या पोटात जवळजवळ ऑक्सिजनच नसलेल्या पाण्याचा जाड थर आहे. साधारण १५० मीटरपासून १,००० ते १,२०० मीटरपर्यंत. वर उत्पादन भरपूर, त्यामुळे खाली कुजणंही भरपूर. उत्तरेकडून जमिनीने बंद असल्यामुळे तिथून ताजं पाणी येत नाही. १९३३-३४मध्ये कर्नल सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिस' हे इजिप्शियन जहाज इथे फिरलं, तेव्हा काही खोल्यांवर त्यांच्या जाळ्यात प्राणीच आले नाहीत, आला तो दुर्गंधी हिरवा चिखल. आज आपण ज्याला ऑक्सिजन-न्यूनतम पट्टा म्हणतो त्याची ती तळावरची जुनी खूण.

हा पट्टा जिथे आपल्या पश्चिम उताराला टेकतो तिथल्या गाळात सेंद्रिय कार्बन २ ते ४ टक्के, काही जागी त्याहूनही जास्त सापडतो. खोल समुद्रातल्या गाळात तो बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आतच असतो.

आता वाद. १९९०च्या दशकात एनआयओच्या शास्त्रज्ञांनी मांडलं की हा साठा ऑक्सिजन नसल्यामुळे टिकला. पश्चिमेला ओमान-सोमालियाकडे उत्पादन आपल्यापेक्षा जास्त आहे, तरी आपल्या उतारावर कार्बन जास्त, मग कारण टिकण्यातच असणार. कॅनडातल्या कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मान्य केलं नाही. त्यांच्या मते पुरवठा, कणांचा आकार आणि प्रवाहांमुळे बारीक कण कुठे बसतात कुठे धुऊन जातात, यावर सगळं अवलंबून आहे. हा वाद कडाक्याचा झाला आणि त्याचा फायदाही झाला. पुढे लोक 'ऑक्सिजन आहे की नाही' एवढंच विचारायचे थांबले आणि 'कण ऑक्सिजनच्या संपर्कात किती काळ राहिला' हे विचारू लागले. पटकन गाडला गेला तर ऑक्सिजन असूनही कार्बन टिकतो, आणि वरचेवर उकरला गेला तर थोडा ऑक्सिजनही पुरतो. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या असं मला वाटतं. आणि पुराव्याचा गाळ आपल्याच उतारावरचा होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना शिकवलं जात नाही याची खंत वाटते.

याच समुद्रातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कराचीसमोरच्या गाळात गेल्या १,१०,००० वर्षांचे थर आहेत. काळे, कार्बनने भरलेले, कागदाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे, आणि मधूनमधून फिकट, किड्यांनी उकरलेले पट्टे. १९९८मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवलं की हे पट्टे ग्रीनलंडच्या बर्फातल्या उष्ण-थंड झोतांशी जुळतात. उत्तर अटलांटिक गरम झाला की इथला गाळ काळा, गार झाला की फिकट. मोसमी पाऊस आणि ग्रीनलंडचं हवामान एकमेकांशी बांधलेलं आहे, याचा इतका डोळ्यांना दिसणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याजवळच्या पाण्याला वास येतो आणि मासे दूर जातात, त्याचा गाळाशी संबंध आहे का?

आहे. पावसाळ्यात खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी मंचावर चढतं आणि वर नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं. पाण्यात आणि तळाच्या चिखलात सेंद्रिय पदार्थ कुजत राहतात, उरलासुरला ऑक्सिजन संपतो, काही वेळा हायड्रोजन सल्फाइडही दिसतो. एनआयओच्या डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये ही स्थिती 'नेचर'मध्ये नोंदवली. अशा पाण्यातून नायट्रस ऑक्साइड हा तीव्र हरितगृह वायूही मोठ्या प्रमाणात निघतो, हाही त्यांच्या नोंदींचा भाग होता. गोव्यात कांदोळीसमोर एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं पाणी तपासलं जातं ते यासाठीच.

गाळ वर आणतात कसा?

पृष्ठभागाची नुसती तपासणी करायची तर ग्रॅब: लोखंडी जबडा, तळाला टेकला की मिटतो. पण ग्रॅबमध्ये वरचे थर कालवले जातात. कार्बनच्या कामाला सर्वात वरचा सेंटिमीटरच महत्त्वाचा असतो, म्हणून मल्टिकोअरर वापरतात. एका चौकटीत पारदर्शक नळ्या बसवलेल्या असतात आणि त्या हळूहळू चिखलात उतरतात. वर आल्यावर आधी बघायचं ते नळीतलं पाणी. ते नितळ असेल तर वरचा थर हललेला नाही. गढूळ असेल तर ती नळी बाजूला.

मग डेकवर किंवा थंड खोलीत कापणी सुरू होते. नळीखालून दट्ट्या सरकवायचा, गाळ वर आला की अर्धा किंवा एक सेंटिमीटरची चकती प्लास्टिकच्या पट्टीने कापायची. कडेचा भाग टाकून द्यायचा, कारण नळीला घासताना वरचा गाळ तिथे खाली ओढला गेलेला असतो. मेणांचा किंवा चरबीच्या रेणूंचा अभ्यास असेल तर चकती भट्टीत जाळून स्वच्छ केलेल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवायची, प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही, नाहीतर पिशवीचेच रेणू यंत्रात दिसतात. लेबल आतून एक, बाहेरून एक. ओल्या पिशवीवरची शाई पुसली की ते सॅम्पल गेलंच समजा.

जास्त मागचा काळ हवा असेल तर ग्रॅव्हिटी कोअरर: लोखंडी नळी, आत पीव्हीसीचं अस्तर, डोक्यावर शिशाची वजनं. चार-सहा मीटर लांबीचा गाळाचा दंडगोल, म्हणजे गाभा, मिळतो. तीन हजार मीटर पाण्यात विंचची दोरी सेकंदाला मीटरभर सोडली तर खाली पोचायला तासाभराच्या आसपास लागतो आणि वर यायला तेवढाच. आणि नळी रिकामीही येऊ शकते. शेकडो मीटर हवे असतील तर ड्रिलिंग जहाजच लागतं. २०१५मध्ये 'जॉयडीस रेझोल्यूशन' या जहाजाने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी बेसिनमध्ये तळाखाली १,१०० मीटरहून अधिक खोल भोक पाडलं. मोहिमेचे एक सहनेते गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे डॉ. धनंजय पांडे होते. तिथे सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरून कोसळलेल्या प्रचंड भूस्खलनाचा जाड थर लागला, त्याला नटराज हे नाव आहे.

कार्बनची टक्केवारी कशी काढतात?

गाळ आधी गोठवून सुकवतात. वरच्या चिखलात वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पाणीच असतं. मग अगेटच्या खलात अगदी पिठासारखा दळतात. त्यातलं काही मिलिग्रॅम चांदीच्या इवल्याशा कुपीत घेऊन त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात. कवचांचा चुना फसफसतो आणि असेंद्रिय कार्बन वायू होऊन निघून जातो. फसफस थांबली म्हणून काम झालं असं मात्र नाही, डोलोमाइट हे चुन्यासारखंच कार्बोनेट सावकाश विरघळतं. घाई केली की सेंद्रिय कार्बन खोटा जास्त दिसतो. आणि ॲसिड धुऊन टाकलं तर विरघळलेला सेंद्रिय भागही वाहून जातो, म्हणून धुवायचं नाही, कुपी आहे तशीच सुकवायची. त्यानंतर मूलद्रव्य-विश्लेषक यंत्रात ती सुमारे १,००० अंशांना ऑक्सिजनमध्ये जाळली जाते आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो.

हे महागडं यंत्र सगळीकडे नसतं. अनेक महाविद्यालयांत आजही मातीपरीक्षणवाली वॉकली-ब्लॅक पद्धतच चालते: पोटॅशियम डायक्रोमेट, तीव्र सल्फ्युरिक ॲसिड आणि शेवटी टायट्रेशन, रंग निळा-जांभळा सोडून हिरवा होईपर्यंत. पद्धत वाईट नाही. पण समुद्री गाळात मीठ असतं आणि क्लोराइडही डायक्रोमेट खातं, त्यामुळे ते आधी धुवावं किंवा सिल्व्हर सल्फेटने बांधावं लागतं. शेतातल्या मातीची कृती जशीच्या तशी उतरवलीत तर आकडा फुगलेला येईल. उरलेलं क्रोमियमचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका.

आणखी एक: टक्केवारी म्हणजे साठा नव्हे. चौरस मीटरवर दरवर्षी किती कार्बन गाडला गेला हे सांगायला टक्केवारी, कोरड्या गाळाची घनता आणि गाळ साठण्याचा वेग हे तिन्ही गुणावे लागतात. ३ टक्के कार्बनचा पण सावकाश साठणारा गाळ, १ टक्का कार्बनच्या पण झपाट्याने साठणाऱ्या गाळापेक्षा कमी कार्बन गाडत असू शकतो.

कार्बन जमिनीवरचा की समुद्रातला, हे कसं ओळखतात?

पहिली चाचणी कार्बन आणि नायट्रोजनच्या गुणोत्तराची. प्लवकांमध्ये ते ६-७च्या आसपास असतं, जमिनीवरच्या झाडांमध्ये २०च्या वर. दुसरी कार्बन-१३ या समस्थानिकाची, म्हणजे कार्बनच्या किंचित जड रूपाची. त्याचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा हजारी किती कमी-जास्त आहे ते मोजतात. समुद्री पदार्थ उणे १९ ते उणे २२ प्रति हजार, झाडं-झुडपं आणि भात उणे २६ ते उणे २८.

इथे आपल्याकडे एक अडचण आहे जी युरोपातल्या पाठ्यपुस्तकात ठळकपणे नसते. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि माळरानावरची बरीचशी गवतं वेगळ्या प्रकारे प्रकाशसंश्लेषण करतात आणि त्यांचा आकडा उणे १२ ते उणे १४ येतो. आता एखाद्या नदीतून झाडांचा आणि ज्वारीच्या शेताचा असा मिसळलेला कार्बन समुद्रात आला तर सरासरी नेमकी समुद्री पदार्थासारखी दिसू शकते. म्हणून दख्खनच्या नद्यांसमोरच्या गाळात नुसत्या एका आकड्यावर निष्कर्ष काढू नयेत. पानांवरच्या मेणाचे रेणू वेगळे काढून त्यांचाच समस्थानिक मोजावा. मेण प्लवकांमध्ये नसतं, त्यामुळे घोटाळा होत नाही.

याचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी काही संबंध लागतो का?

लागतो, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त ओढ वाटते ती इथेच.

२००६मध्ये गॅस हायड्रेट, म्हणजे बर्फासारख्या घन रूपात अडकलेला वायू, शोधण्याच्या राष्ट्रीय मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर, सुमारे १,२७० मीटर पाण्यात, एक गाभा काढला गेला. त्याच्या वरच्या साडेआठ मीटरमध्ये गेल्या ११,००० वर्षांचा गाळ आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि तिचा वरचा सगळा प्रवास काळ्या बेसॉल्टवरून होतो, पुढे तेलंगण-आंध्रात खडक कितीतरी जुने. दोन्ही खडकांत निओडायमियम या धातूच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं, त्यामुळे गाळातला कण दख्खनच्या पठाराचा की खालच्या खोऱ्याचा हे सांगता येतं.

२०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गाभ्यातल्या पानांच्या मेणाचे समस्थानिक मोजले गेले. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून कोरड्या हवेला सरावलेली गवतं वाढत गेलेली दिसतात, साधारण १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत, आणि नंतर ती टिकूनच राहतात. मध्य भारत कोरडा होत गेला. २०१७च्या पुढच्या अभ्यासाने त्याच गाभ्यात धुपीचा वेग आणि वाहून आलेल्या कार्बनचं वय मोजलं. पाऊस कमी झाला तशी धूप कमी व्हायला हवी असं वाटेल. झालं उलट. झाडोरा विरळ झाला, आणि जो काही पाऊस झोडपून पडला त्याने उघडी माती नेली. गाळ वाढला आणि त्यातला कार्बनही वयाने जुना झाला, कारण आता पालापाचोळ्याबरोबर मातीच्या खालच्या थरांतला मुरलेला कार्बनही सुटत होता. पुढे शेती पसरली तशी ही धूप आणखी वाढली.

हाच काळ प्रवरेकाठच्या दायमाबाद, जोर्वे आणि नेवाश्याच्या ताम्रपाषाणयुगीन गावांचा. प्रवरा गोदावरीलाच मिळते. उत्खननात त्या लोकांची भांडी आणि धान्य सापडतं, आणि त्यांच्या काळात खोऱ्यातून निघालेली माती बंगालच्या उपसागरात सव्वा किलोमीटर पाण्याखाली सापडते. पुरातत्त्व आणि सागरविज्ञान शिकणारी मुलं एकाच वर्गात बसायला हवीत असं मला हे वाचताना दरवेळी वाटतं.

आजची गोदावरी मात्र हा गाळ पूर्वीसारखा पोचवत नाही. जायकवाडीपासून खालच्या असंख्य धरणांमागे तो अडकतो. म्हणजे दख्खनच्या मातीतला कार्बन आता जलाशयांच्या तळाशी साठतो. तिथे किती टिकतो आणि किती मिथेन होऊन निघतो, हे स्वतंत्रपणे मोजावं लागतं.

काळी माती समुद्रात गेली की तिच्यातला कार्बन तसाच राहतो का?

दक्षिण चीन समुद्रातल्या २०१९च्या एका अभ्यासाने इथे चांगला प्रकाश टाकला. फुगणाऱ्या चिकणमातीला, म्हणजे स्मेक्टाइटला, चिकटलेला मातीतला कार्बन समुद्रात शिरताच बराचसा सुटतो आणि त्याच्या जागी समुद्री पदार्थ चिकटतो. अभ्रक आणि क्लोराइटला धरून असलेला खडकातला जुना कार्बन मात्र तसाच पुढे जातो. आपली काळी माती मुख्यतः स्मेक्टाइटच आहे. म्हणून गंगा-ब्रह्मपुत्रेसमोर जे दिसलं तेच गोदावरीसमोर दिसेल असं गृहीत धरता येत नाही. तिथे हिमालयातून आलेला जमिनीवरचा कार्बन बंगालच्या पंख्यात, म्हणजे उपसागराच्या तळावर पंख्यासारख्या पसरलेल्या गाळात, ७० टक्क्यांहून अधिक टिकतो.

गाळाचं वय कसं काढतात?

गेल्या शंभरेक वर्षांसाठी शिसं-२१०, त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे २२ वर्षं. अणुचाचण्यांतल्या सीझियम-१३७ची १९६३च्या आसपासची खूणही मदतीला येते. त्यामागे साधारण ५०,००० वर्षांपर्यंत कार्बन-१४, शक्यतो फोरॅमिनिफेरांच्या कवचांवर. एकंदर गाळातल्या सेंद्रिय कार्बनवर वय काढू नका, त्यात जमिनीवरचा जुना कार्बन मिसळलेला असतो आणि गाळ उगाच म्हातारा ठरतो.

याच कार्बनपासून तेल बनतं का?

हो, पुरेसा गाडला जाऊन पुरेसा तापला तर. १९७४मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायचं तेल मायोसीन काळातल्या चुनखडीत साठलं आहे, पण ते बनलं त्याहून खूप जुन्या, सेंद्रिय कार्बनने भरलेल्या शेल नावाच्या खडकात. वर सांगितलेल्या २००६च्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर मिथेन हायड्रेटचे जाड थर मिळाले, तो मिथेनही कुजलेल्या कार्बनचाच. केरळ-कोकण भागातल्या भोकात मात्र हायड्रेट मिळालं नाही. आपल्या किनाऱ्यालगतच्या चिखलातही वायू आहे. जहाजावरून ध्वनिलहरी सोडल्या तर काही पट्ट्यांत खालचे थर दिसेनासे होतात, ती वायूची खूण. प्लॅटफॉर्म किंवा पाइपलाइन टाकणाऱ्यांना ती आधीच माहीत असावी लागते.

मग समुद्रतळ आपल्याला हवामान बदलापासून वाचवेल का?

नाही. आपण इंधन जाळून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. समुद्रतळ वर्षाला गाडतो तो ०.१६ अब्ज टन. साठपट अंतर आहे.

बातम्यांत 'समुद्र आपला चौथा हिस्सा कार्बन डायऑक्साइड शोषतो' असं येतं, ते खरं आहे, पण तो पाण्यात विरघळतो. गाळात जात नाही, आणि त्याने पाण्याची आम्लता वाढते. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

तरीही साठा म्हणून गाळ प्रचंड आहे. २०२०च्या एका अंदाजानुसार जगभरच्या समुद्रतळाच्या फक्त वरच्या एक मीटरमध्ये सुमारे २,३०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हजारो वर्षांत जमा झालेला. अशा साठ्याचं महत्त्व तो हलवला जाणार नाही यात आहे, तो वेगाने वाढवता येईल यात नाही. शैवाल वाढवून खोल समुद्रात बुडवण्याच्या योजना विकणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा: शंभर वर्षांनी तळाशी किती उरेल, आणि ते मोजलं कुणी?

ट्रॉलिंगमुळे, म्हणजे तळावरून जाळी ओढल्यामुळे, हा कार्बन सुटतो का?

तळ खरवडला की गाडलेले कण पुन्हा ऑक्सिजनच्या पाण्यात येतात, त्यामुळे काही प्रमाणात सुटतो, यात शंका नाही. किती, यावर भांडण आहे. २०२१मध्ये 'नेचर'मधल्या एका निबंधाने जगभरातला आकडा इतका मोठा दिला की त्याची तुलना विमान वाहतुकीच्या उत्सर्जनाशी होऊ लागली. २०२३मध्ये त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला: गाळात खोल उरलेला कार्बन जिवाणूंना न आवडणारा, उरलासुरला असतो, तो ताज्या कार्बनच्या वेगाने जळेल असं धरणं चूक आहे. मला हा आक्षेप पटतो.

कोकणातल्या मच्छीमारांना थेट सांगायचं तर, २०-३० मीटरवरचा चिखल दर पावसाळ्यात लाटाही ढवळतात. तिथे ट्रॉलिंगविरुद्धचं मोठं कारण माशांची पिल्लं आणि तळावरचे जीव, कार्बन नंतर. पण खोल उतारावरचा गाळ हजारो वर्षं हललेला नाही. तिकडे अवजड जाळी नेण्याआधी थांबलेलं बरं.

हे शिकायचं असेल तर?

भूविज्ञान, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, कुठूनही येता येतं. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण आहे. दोना पावलाची एनआयओ १९६६पासून आहे, तिची प्रादेशिक केंद्रं मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला. वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. जहाज लागण्याची भीती बाळगू नका, बहुतेकांना लागतं आणि बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत सुटतं.

वापरून झालेला गाभा टाकून देतात का?

मुळीच नाही. गाभा उभा चिरतात. एक अर्धा कामासाठी, दुसरा संग्रहासाठी, तो शक्यतो कुणी छेडत नाही. दोन्ही ४ अंशांच्या शीतगृहात ओलसर ठेवतात. हिंदी महासागरातल्या आंतरराष्ट्रीय ड्रिलिंग मोहिमांचे गाभे जपानमधल्या कोची इथल्या भांडारात आहेत. केरळमधलं कोची नव्हे. आपल्या प्रश्नाला कोणत्या भोकातला, कोणत्या खोलीवरचा, किती घन सेंटिमीटर गाळ लागेल हे नीट लिहून अर्ज केला तर भारतातल्या विद्यार्थ्यालाही सॅम्पल मिळतं. अर्ज करण्याआधी त्या गाभ्यावर छापलेले सगळे निबंध वाचून घ्या. तोच सेंटिमीटर आधीच संपलेला असू शकतो.